सात बाटल्या

मांडीचं हाड तिरकं मोडलं होतं, कुणीतरी पिळल्यासारखं. डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म उजेडावर लावली आणि मोडलेल्या जागेवरून बोट फिरवलं. पोर सहा वर्षांची. हाड मोडण्याची ही नववी खेप, आणि त्यातल्या पाच खेपा औषध सुरू झाल्यानंतरच्या.

पोरीची हाडं जन्मापासून ठिसूळ होती. ते निदान याच डॉक्टरांनी केलं होतं. दर तीन महिन्यांनी वॉर्डात यायचं, शिरेतून एक बाटली घ्यायची, हाड हळूहळू भरत जातं. औषध पोरीच्या सुतार बापाच्या आवाक्याबाहेरचं होतं. एका संस्थेने ते या एका पोरीपुरतं फुकट दिलं, आणि वॉर्डाच्या मोठ्या सिस्टरांनी ते जिवापाड जपलं. बाकीच्या पोरांचे आईबाप औषध घेऊन येत आणि कुणीही नर्स ते त्यांच्यासमोरच बाटलीत भरे. या पोरीची बाटली मात्र मोठ्या सिस्टर स्वतः मागच्या खोलीतून भरून आणत. फुकटचं म्हणून हलगर्जी नको, असं त्यांचं म्हणणं. पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुणाला उलट उत्तर दिलं नव्हतं.

पहिल्या बाटलीला बहुतेक पोरं तापाने फणफणतात. हिला साधी कणकणसुद्धा आली नाही. पोरगी चिवट आहे, म्हणून डॉक्टरांनी तिचं कौतुकही केलं होतं.

आणि आता हे. सात बाटल्या जाऊन हाडं पहिल्यापेक्षा जास्त मोडत होती. यात कुठेतरी पाणी मुरत होतं.

बाप सुतार, बायको वारलेली. पोरीला तो गादी ठोकलेल्या फळीवर घालून आणायचा. फळी त्यानेच बनवली होती. हात खरखरीत, बोलणं तुटक. पोरीला काही विचारलं की तिच्या आधी हाच उत्तर द्यायचा. डॉक्टरांच्या ते डोळ्यांवर येऊ लागलं होतं. पूर्वी एकदा त्यांनी अशाच एका बापाच्या शब्दावर विश्वास ठेवला होता, आणि तिसऱ्या आठवड्यात त्याचं बाळ शवागारात आलं होतं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो.

मोठ्या सिस्टर फिल्म बघून हळहळल्या. "औषध मी माझ्या हाताने भरते, डॉक्टर. त्यात कसूर नाही. मग कुठेय, ते तुम्हीच बघा."

डॉक्टरांनी सुताराला कागद आणायच्या निमित्ताने खाली पाठवलं आणि पोरीशेजारी बसून विचारलं, कसं मोडलं.

"बाबा चड्डी घालत होते."

"रागावले होते?"

तिने मान हलवली, नाही म्हणून. मग दाराकडे बघत हळूच म्हणाली, "परत मोडलंय असं बाबांना सांगू नका ना."

एवढं पुरे होतं. कुंपणच शेत खात होतं. डॉक्टरांनी बालकल्याण समितीला पत्र लिहिलं, पोरीचं वाक्य जसंच्या तसं त्यात घातलं आणि सही केली.

पाय प्लास्टरात असतानाच समितीच्या दोन बाया तिला न्यायला आल्या. सुतार ओरडेल, अंगावर धावून जाईल, म्हणून दारात शिपाई उभा केला होता. सुतार ओरडला नाही. काखेत धरून उचलू नका, एवढंच तो बायांना समजावत राहिला. "खालून दोन्ही हात घाला. ओली वीट उचलतात तशी." मग तो भिंतीकडे तोंड करून हुंदके द्यायला लागला.

पोरीने डॉक्टरांकडे रागाने पाहिलं. "म्हणून म्हटलं होतं सांगू नका. असे रडतात ते."

असलं रडणं डॉक्टरांनी पुष्कळ पाहिलं होतं. त्यांनी कागद पुढे सरकवला आणि सुताराचा अंगठा घेतला. मुलीला भेटायचं ते महिन्यातून एकदा, बालगृहाच्या बाईंसमोर.

त्यानंतर दोन महिन्यांनी ओपीडीत दुसरी एक आई आली, त्याच आजाराच्या मुलाला घेऊन. मुलगा भिंत धरून चालायला लागला होता. डॉक्टर खुशीत होते. त्यांनी त्याची फिल्म लावून तिला गुडघ्याजवळची हाडाची टोकं दाखवली. तिथे पांढऱ्या बारीक रेघा होत्या, एकाखाली एक. औषध अंगात गेलं की वाढत्या हाडावर अशी रेघ उमटते, त्यांनी सांगितलं. एक बाटली, एक रेघ. "मोजा. पाच झाल्यात ना? हाड खोटं बोलत नाही."

बाईने बोट लावून मोजल्या. मग विचारलं, "त्या सुताराच्या पोरीलापण अशाच असतील ना? आमच्या शेजारच्याच खाटेवर असायची."

तिला सात असतील, डॉक्टर म्हणाले.

बाई गेली. पोरीची आज तारीख होती, बालगृहाची गाडी येणारच होती. डॉक्टरांनी तिचं पाकीट काढलं आणि शेवटची फिल्म सहज उजेडावर लावली. मग तिच्या आधीची लावली. मग त्यांनी सगळ्याच काढल्या आणि टेबलावर पसरल्या. मांडी, नडगी, मनगट, पुन्हा मांडी. दर वेळी त्यांची नजर जिथे मोडलं तिथेच गेली होती. हाडाच्या टोकाकडे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांनी भिंग घेतलं. गुडघ्याजवळ, घोट्याजवळ, मनगटाजवळ हाड कोरं होतं. एकही रेघ नव्हती.

दारावर टकटक झाली. मोठ्या सिस्टर होत्या, नेहमीसारख्या हसतमुख.

"पोरगी आलीय, डॉक्टर. आठवी बाटली मी भरून ठेवलीय."