शेजारची ओळ

पॅनेलवर ‘टेप संपली’ असं लाल अक्षरांत आलं होतं, आणि टेपचा नवाकोरा रोल त्या पॅनेलच्या खालीच गरगर फिरत होता.

मॅनेजरांनी रोलकडे पाहिलं, पॅनेलकडे पाहिलं आणि मग इंजिनिअर बाईंकडे पाहिलं. "मॅडम, तुमचं पॅनेल दिवसाढवळ्या खोटं बोलतंय. दुपारपर्यंत नीट झालं तर काम पुरं झाल्याची सही करतो. नाहीतर कोणीतरी सीनियर पाठवा म्हणून तुमच्या ऑफिसला कळवतो."

ती पुरती बुचकळ्यात पडली. एकटीवर सोपवलेलं तिचं हे पहिलंच काम. खोकी चिकटवणाऱ्या दोन मशीनना दोन पॅनेल बसवायची, आणि मशीन अडलं तर का अडलं ते पॅनेलवर दिसेल असे मेसेज तयार करायचे. ‘टेप संपली.’ ‘झाकण उघडं आहे.’ ‘खोकं अडकलं.’ प्रत्येक मेसेज तिने ऑपरेटरांना विचारून, त्यांच्याच शब्दांत लिहिला होता. आणि आता हे.

तिने पहिल्या मशीनचं झाकण उघडलं. मशीन मुकाट थांबलं. पॅनेल म्हणालं, ‘मशीन चालू आहे.’ तिने झाकण लावलं, मशीन सुरू केलं. खोकी सुरळीत सरकायला लागली, तसं पॅनेल म्हणालं, ‘खोकं अडकलं.’

"मॅडम, मशीनलाही भास होतात का हो?" खोकी वाहणाऱ्या लोडरने विचारलं. तिला हसू आलं नाही.

त्यातही कमाल म्हणजे, ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्या दोन ऑपरेटरांची काहीच तक्रार नव्हती. दोघे सख्खे भाऊ. सगळा कारखाना त्यांना थोरले आणि धाकटे म्हणायचा. वडिलांच्या आजारपणात कोण किती जागलं, यावरून दोघांत जुंपली. वडील गेले आणि अबोला तेवढा मागे राहिला. दोघांच्या मशीनच्या मधोमध रिकाम्या खोक्यांचा डोक्याइतका उंच ढीग असायचा, आणि तो कमी होणार नाही याची काळजी दोघेही घेत असावेत. थोरले महिनाअखेरीस रिटायर होणार होते. आता काही हे बोलत नाहीत, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं आणि सगळ्यांना त्याचं वाईटही वाटायचं.

एका पॅनेलसमोर दोघे उभे राहीनात, म्हणून तिला सगळं दोनदा शिकवावं लागलं होतं. दोघांनीही शहाण्या मुलासारखं ऐकून घेतलं आणि शेवटी एकच प्रश्न विचारला, "आपण कुठल्या मशीनचं, हे या पॅनेलला कसं कळतं?" तिने दोघांनाही आतलं पान उघडून दाखवलं. इथे मशीनचा नंबर घालायचा, बस. भाऊ ते भाऊच, असं तेव्हा तिच्या मनात आलं होतं.

तिने वायरी तपासल्या. मेसेजची सगळी यादी पुन्हा वाचली. काही केल्या कळेना. शेवटी, तिथे चूक असणं शक्यच नाही हे माहीत असूनही, तिने ते आतलं पान उघडलं.

पहिल्या मशीनच्या, म्हणजे थोरल्यांच्या पॅनेलवर नंबर होता दोन. ती ढिगाला वळसा घालून पलीकडे धावली. धाकट्यांच्या, दुसऱ्या मशीनच्या पॅनेलवर एक.

तिने कपाळाला हात लावला. म्हणजे घोळ आपलाच! पण मग मागच्या आठवड्यात मॅनेजरांसमोर चाचणी बिनचूक कशी झाली? ती परत आली तेव्हा थोरले चिंधीला हात पुसत उभे होते, आणि ते तिच्या नजरेला नजर देत नव्हते.

"काका, हा नंबर तुम्ही बदललात?"

थोरल्यांनी मान डोलावली. "माझ्या मशीनचं दुखणं मला आवाजावरून कळतं. त्याला पाटी कशाला वाचायला हवी? पण पलीकडे तो अडला ना, तर मरेल पण हाक मारणार नाही. लहानपणापासून तसलाच. म्हटलं, आहे तोवर तेवढं तरी कळू दे. काल त्याचं खोकं अडकलं, तर मी हळूच लोडरला पाठवलं."

तिचा राग कुठल्या कुठे गेला. तिने पॅनेलकडे पाहिलं. पडद्यावर आणखी एक ओळ सहज मावत होती. वर आपलं मशीन, खाली शेजारचं. तिने तसं बसवलं, झाकण उघडून पाहिलं, पुन्हा लावून पाहिलं. सगळं खरं दिसत होतं. सही आता कुठे जात नव्हती.

"झालं," ती म्हणाली. "आता त्यांच्याही पॅनेलवर असंच करते. पण काका, दोन्हीकडचे नंबर बदललेत तर मला सांगायचं तरी! मी स्वतःलाच वेड्यात काढत होते."

"दोन्हीकडचे?" थोरल्यांचा हात चिंधीतच थांबला. "मी फक्त माझा बदलला. त्याच्या मशीनजवळ मी पाऊलसुद्धा टाकलेलं नाही."

"पण तिकडे तर एक नंबर आहे. तुमच्या मशीनचा."

दोघेही खोक्यांच्या ढिगाकडे बघत राहिले. पलीकडून मशीनचा आवाज येत होता, बाकी काही नाही.

"तरीच," थोरले पुटपुटले. "सकाळी टेप संपली, तर मी मागायच्या आधीच लोडर नवा रोल घेऊन हजर."

त्यांनी चिंधी खाली ठेवली. घसा खाकरला. मग तो भरलेला रोल समोर गरगर फिरत असतानाच, ढिगावरून पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात ते ओरडले,

"ए छोट्या, टेप संपली रे माझी!"