घमेलं हलत नाही

घमेलं पुन्हा मुलीच्या डोक्यातून आरपार गेलं.

पडद्यावरची चिमुकली पाणीवाली तशी झोकात चालत होती. पण पाऊल टाकताना अंग वर उचललं की डोकं थेट घमेल्यात, आणि खाली आलं की दोघांमध्ये बोटभर फट. फिफी पोट धरून हसला. "अगं सेरवा, ही पाणी विकतेय की घमेल्यातून डोकावतेय?"

सेरवाला हसू आलं नाही. दोन दिवसांत अख्खा गेम बनवून दाखवायचा, अशी स्पर्धा होती. कुमासी शहरातला तो हॉल संघांनी भरलेला. यांच्या संघात तिघंच. चित्रं सेरवाची, आवाज फिफीचे, आणि उरलेलं सगळं, म्हणजे कोडिंग, शिस्त आणि टोमणे, पोकुआकडे. स्पर्धेचा विषय होता 'तोल'. म्हणून यांनी गेम ठरवला तो असा: डोक्यावर घमेलं घेऊन सिग्नलच्या गाड्यांमधून पाण्याच्या पिशव्या विकायच्या. घमेलं कललं की खेळ खलास.

"घमेलं डोक्याबरोबर वरखाली कर ना," सेरवा म्हणाली. "संपलं काम."

"घमेलं हलत नाही," पोकुआ म्हणाली.

"का पण?"

"नाही हलत. तुझी मुलगी बदल."

"अगं, चालताना माणूस वरखाली होतोच. ॲनिमेशनचे सगळे व्हिडिओ हेच शिकवतात."

"मग व्हिडिओवाल्यांनाच बोलाव. जेवणापर्यंत जमलं नाही तर नेटवरची तयार मुलगी उचलू. फुकट मिळते."

हे सेरवाला झोंबलं. तयार मुलगी आली की चित्रकार म्हणून तिचं नाव गेलं. आणि ते नाव आयुष्यात पहिल्यांदाच कुठेतरी झळकणार होतं.

पोकुआ म्हणजे इस्त्रीचा ब्लाउज, रेडिओवर बातम्या देतात तसलं इंग्रजी, आणि केस असे बसवलेले की वाऱ्यानेही विचारून हात लावावा. फिफी बिचारा सकाळपासून बारीक आवाज काढून पाणीवालीची हाक रेकॉर्ड करत होता, आणि ही दर वेळी 'खोटी' म्हणून परत करत होती. तुला काय कळतं गं घमेल्यातलं, असं सेरवाच्या अगदी ओठांवर आलं. ते तिने गिळलं. कारण पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग तुला कसं कळतं?

शाळा सुटल्यावर सुआमेच्या चौकात ती सहा वर्षं पाणी विकत होती. इथे हे कुणालाच माहीत नव्हतं. डिझाइनचा कोर्स केलाय, एवढंच तिने सांगितलं होतं.

पण आता एक गोष्ट तिला छळायला लागली. इतकी वर्षं विकलं, आणि पिशवी कधी पडल्याचं आठवत नव्हतं. मग डोकं वरखाली व्हायचं की नाही? तिला सांगता येईना. घमेलं डोक्यावर असताना तिने स्वतःला चालताना कधी पाहिलंच नव्हतं.

लाज वाटत होती. पण उत्सुकता लाजेहून चिवट निघाली. ती उठली. दाराशी भात-चवळी विकणाऱ्या मावशींकडून घमेलं मागून आणलं, त्यात पाण्याच्या पिशव्या रचल्या. डोक्याचा रुमाल सोडून पिळला आणि त्याची चुंबळ केली.

"फिफी, फोन काढ. बाजूने घे. फक्त डोकं बघ."

हात मोकळे सोडून ती भिंतीच्या कडेने पार टोकापर्यंत गेली आणि वळून परत आली. टेबलाटेबलांवरची बोटं थांबली. कुणीतरी शिट्टी मारली. तिचे कान तापले होते, पाय मात्र कुणाला न विचारता चालत होते.

मग तिघांनी फोनवर पाहिलं. मागच्या खिडक्यांची आडवी कड दिसत होती. सेरवाचं डोकं त्या कडेला धरून सरळ सरकत होतं, दोरीने ओढल्यासारखं. गुडघे वाकत होते, कंबर डुलत होती. सगळे हिसके तिथेच जिरत होते.

"अगं बाई," सेरवा पुटपुटली. "हे मी करते?"

ती धावतच जागेवर गेली. मुलीचं डोकं तिने एका रेषेवर पक्कं केलं आणि सगळी उसळी गुडघ्यांना, कमरेला वाटून टाकली. घमेल्याला हातसुद्धा लावला नाही. जेवणाची थाळी यायच्या आत पडद्यावरची मुलगी चालू लागली. ती थेट सुआमेहून आल्यासारखी चालत होती.

"कुठला चौक?" पोकुआने हळूच विचारलं.

सेरवाने मान वर केली. आता लपवून तरी काय उपयोग? "सुआमे. सहा वर्षं. हसायचं तर हसून घे एकदाचं."

पोकुआ हसली नाही. तिने सेरवाची चुंबळ उचलली आणि आपल्या त्या बसवलेल्या केसांवर चक्क दाबली. भरलेलं घमेलं एका झटक्यात वर चढवलं.

"मी केजेटियाच्या बाजारात. आईबरोबर," ती म्हणाली. "सांगत होते ना, घमेलं हलत नाही म्हणून?"

मग मान जराही न वळवता तिने फक्त डोळे फिफीकडे फिरवले. "रेकॉर्ड कर."

"पाणीऽऽ! गारेगाऽऽर पाणी!"

हॉलभर माना वर झाल्या, आणि दोन-तीन टेबलांवरचे हात सवयीने खिशात गेले.