ग्लास दाखव

दुपारच्या शांततेत ओट्यावरचा मोबाइल थरथरला आणि शेजारच्या पातेल्यावरचं झाकण किणकिणलं. रसिकाने न बघताच ओळखलं. ऊन वाढल्यापासून तिचा नवरा विनीत ऑफिसमधून दिवसातून तीनदा व्हिडिओ कॉल करायचा, त्याच्या आईसाठी.

“आई पाणी प्यायली? ग्लास दाखव.”

रसिकाने सासूबाईंचा ग्लास कॅमेऱ्यासमोर उलटा धरला. सारखं बाथरूमला उठावं लागतं म्हणून त्या पाणीच टाळायच्या. गेल्या आठवड्यात घेरी येऊन पडल्या, तेव्हापासून हा पहारा.

“सरबतात मीठ घातलंस? पडदे ओढलेस?”

“हो. आणि मी पण जेवले, विचारलं नाहीस तरी सांगते.”

विनीतने हसून फोन ठेवला.

“जीव खातो बाई हा माझा,” सासूबाई म्हणाल्या, पण चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं. ते बघून रसिकाचा नुसता जळफळाट झाला. शहाडला पत्र्याच्या खोलीत एकटी राहणारी तिची आई डोळ्यांपुढे आली. डोक्यावर ओला टॉवेल ठेवून ती उन्हं उतरायची वाट बघत असेल.

“नशीब लागतं, आई,” ती सासूबाईंना बोलून गेली. “माझ्या आईला कुठे मुलगा आहे, पाणी प्यायलीस का विचारायला?”

लादीवर चित्र रंगवत बसलेल्या चार वर्षांच्या भाविकाने मान वर केली. ती उठली, ओट्यावरचा मोबाइल टाचा उंचावून काढला आणि रसिकाच्या हातात दिला.

“आई, पत्र्याच्या आजीला तू का नाही गं विचारत?”