दुसरी पंगत

दुसरी पंगत नुकतीच वरणभातावर आली होती, तेवढ्यात मांडवाच्या तोंडाशी रसद खात्याचा इन्स्पेक्टर हणमंतराव येऊन उभा राहिला. सोबत एक पोलीस. हिम्मतरावांच्या हातातली तुपाची वाटी कलंडली.

लेकीच्या लग्नात बाप घाबराच असतो, पण हे भय निराळं होतं. पोलीस ॲक्शनला वर्ष झालं होतं. नारायणगुडा पेठेतल्या दुकानांतून तांदूळ नाहीसा झाला आणि काळ्या बाजारात चौपट भावाने निघाला, तेव्हा सरकारने हुकूम काढला: लग्नात पन्नासांहून जास्त माणसं जेवू घालायची नाहीत. घालाल तर कैद. हिम्मतराव रसद खात्यातलेच हेडक्लार्क. हा हुकूम त्यांनीच गल्लीत मोठ्या तोंडाने वाचून दाखवला होता. आणि आता परभणीहून वऱ्हाड आलं ते दुप्पट! त्यांना काय, उपाशी परत जा म्हणायचं?

पहिल्या पंगतीच्या उष्ट्या पत्रावळ्या एरवी मागच्या बोळात पडायच्या. आज हिम्मतरावांच्या बायकोने, सत्यवतीबाईंनी, त्या परसातच दाराशी रचल्या आणि दाराला अडसर घातला.

"पहिलीच पंगत ना, हिम्मतराव?" हणमंतरावाने विचारलं. कचेरीत दोघांची टेबलं शेजारी होती.

"पहिली नि शेवटची. सगळं कायद्यात आहे."

हणमंतराव पानं मोजत निघाला. व्याही हातातला घास तसाच धरून बघत होते. मुहूर्त गोरजाचा, अक्षता अजून पडायच्या होत्या. व्याही पानावरून उठले की लग्न मोडलंच.

"बरोबर आहे," हणमंतराव म्हणाला.

हिम्मतरावांच्या जिवात जीव आला. त्यांनी घाईघाईने विडा पुढे केला.

मागचं दार वाजलं. पुन्हा वाजलं. बाहेरून बाईचा आवाज आला, "अम्मा, पत्तलां फेको ना! पहली पंगत उठ को कित्ती देर हुई!"

विडा हणमंतरावाच्या हातातच राहिला. त्याने तो परत तबकात ठेवला.

"दार उघडा."

"हणमंतराव, पोरीचं लग्न आहे हो..."

"उघडा."

हिम्मतरावांनी अडसर काढला. दार उघडलं, तसा पत्रावळ्यांचा ढीग बाहेर घसरला. बोळात चार-पाच बायका उभ्या होत्या, कडेवर पोरं होती. भाताची शितं थेट त्यांच्या पायांशी सांडली. पण कुणी वाकलं नाही. त्यांना हिम्मतरावांच्या मागे उभा असलेला पोलीस दिसला होता.

पुढच्या बाईने पोराला पदराखाली घेतलं आणि हात जोडले.

"हम कुछ नै खाये, साब."