मचव्यातली ठोक

दादू सुताराने करवत थांबवली, कारण आतली ठोक एकाएकी वाढली होती.

पालथ्या मचव्याच्या पाठीवर तो गुडघे रोवून बसला होता. पाण्यावर फक्त मचव्याचा तळ दिसत होता आणि त्या तळाखाली, पुढच्या टोकाकडच्या, नाळेजवळच्या काळोख्या खणात रंगू अडकला होता. सकाळी खाडीच्या तोंडाशी वाऱ्याचा झोत आला, शीड फिरलं, डोलकाठी मोडली आणि मचवा उलटला. रंगूचा धाकटा भाऊ अनंता बाहेर फेकला गेला, पोहून सुटला. रंगू तेवढा जाळं काढायला खणात उतरला होता. तो गेलाच, असं सगळे धरून चालले होते. मग तळाच्या फळीवर आतून ठोकल्याचा आवाज आला.

रंगूची बायको बायजा धावत दादूच्या घरी गेली आणि करवत, गिरमिट यांसकट त्याला होडीत घालून घेऊन आली. आता तीच होडी ती मचव्याला लावून धरून उभी होती.

लढाईच्या वर्षांत दादूने मुंबईच्या गोदीत काम केलं होतं. लाकूड कापणं त्याला नवं नव्हतं. पण पलीकडे जिवंत माणूस आहे अशी फळी त्याने कधी कापली नव्हती. जिथे ठोक येत होती त्यापासून लांबची जागा त्याने निवडली. गिरमिटाने भोक पाडलं आणि त्यात निमुळत्या करवतीचं टोक घातलं. लांब हात मारायचा नाही, असं स्वतःलाच बजावलं. पातं जास्त आत गेलं तर रंगूच्याच अंगात शिरायचं. म्हणून चार बोटं पुढे, चार बोटं मागे. ओलं सागवान पातं धरून ठेवी. तेव्हा जोर न करता तो थांबे, पात्याला खोबरेल लावी आणि पुन्हा हलक्या हाताने सुरू करी.

भोक पडल्यापासून त्यातून शिट्टीसारखा आवाज येत होता. आत हवा जाते आहे, रंगूला श्वास घ्यायला बरं, असं दादूला वाटलं.

बायजाने वाकून चिरेवर तळहात धरला. "दादूकाका, वारा आत न्हाय जात. भायेर येतोय. मचवा खाली बसतोय. थांबा जरा."

"वैनी, तू होडी धर," शेजारच्या होडीतून अनंता म्हणाला. "काका, तुम्ही कापा."

दादू कापत राहिला. थोड्या वेळाने पाणी त्याच्या अंगठ्याला लागलं. लाट असेल, असं त्याला वाटलं. पण पाणी मागे गेलं नाही. आणि त्याच वेळी आतली ठोक वेड्यासारखी वाढली.

"पातं लागलं काय रे?" दादू फळीला तोंड लावून ओरडला. उत्तरादाखल नुसती ठोक. त्याला काही कळेना. "लवकर काप म्हणतोय, का थांब म्हणतोय?"

भोवती जमलेल्या गावच्या होड्यांतली माणसं एकदम बोलू लागली. कापा, असंच बहुतेकांचं म्हणणं पडलं. दादूने करवत उचलली, पण हात चालेना.

बायजा होडी सोडून मचव्यावर चढली. तिने फळीला कान लावला. रंगू दर्यावरून येताना वल्हं बाजूला आपटायचा आणि त्या आवाजावरून किती मासळी आहे ते बायजा किनाऱ्यावर उभी राहून सांगायची. त्याची ठोक तिलाच कळते, हे गावाला ठाऊक होतं.

ती सरळ झाली. "थांबा म्हणतायत," ती म्हणाली. "भोक बुजवा. मचवा उथळात ओढा, आन पाणी उतरलं का मग कापा."

"नीट ऐकलंस?" अनंताने विचारलं.

"व्हय."

"दादाच सांगतोय म्हटल्यावर काय," अनंता म्हणाला आणि त्याने दोर मागितला.

बायजाने लुगड्याचा पदर फाडून दिला. दादूने तो चिरेत आणि भोकात ठासून भरला. शिट्टी बंद झाली. ठोक मात्र बंद झाली नाही. दोर बांधताना, चार होड्यांनी मचवा ओढताना ती चालूच राहिली, चिडल्यासारखी. दादूचा गोंधळ वाढतच गेला. सांगितलं तसंच तर करतो आहोत, मग हा माणूस एवढा ठोकतो कशाला?

मग ठोक थांबली. बायजाही पुरुषांच्या बरोबरीने दोर ओढत होती. तिने कोणाकडे पाहिलं नाही.

मचवा चिखलाला टेकला. ओहोटीचं पाणी मागे हटलं. दादूने बोळा काढून करवत घातली. आता तळ हलत नव्हता आणि बुडायची भीतीही नव्हती. तरी त्याने हात आखूडच ठेवला. तुकडा आत कोसळू नये म्हणून त्याला खिळा मारून अनंताला धरायला लावला. शेवटचा काठ सुटला. दादूने आत हात घातला, आणि गार पडलेल्या बोटांनी त्याचं मनगट धरलं.

रंगूला बाहेर काढून चिखलावर निजवलं. ओठ निळे पडले होते. बराच वेळ तो नुसता श्वास घेत राहिला. मग त्याने मान वळवली.

"मधीच थांबलात कशाला?" तो म्हणाला. "पाणी गळ्याशी आलेलं. लवकर कापा, लवकर कापा म्हणून मी कवाचा ठोकत व्हतो."

अनंताने वहिनीकडे पाहिलं. दादूनेही पाहिलं. बायजा फाटका पदर खांद्यावर घेत होती.

"मी थांबा म्हटलं तवा कोन थांबलं व्हतं?" ती म्हणाली.