इम्तियाज तिला आणायला गेला

"नर्स होनार म्हणे." शमसुन्निसानं कप खाली ठेवला. चहाला तिनं तोंडही लावलं नव्हतं. "परक्या मरदाचं अंग पुसनार, त्यायचं हगणंमुतणं काढनार. अन् मंग आमच्या घरात येऊन रोट्या थापनार."

रहेमान पिंजारी भिंतीला टेकून बसला होता. होणाऱ्या विहिणीपुढे त्यानं बिस्किटांची बशी सरकवली. कापसाचे दिवस फिरले, तसे त्याचेही फिरले होते. लग्नंच सतरंजीवर उरकू लागली, तिथं नव्या गाद्या कोण भरून घेणार? त्यात पोरीची मंगनी झाली होती मोहल्ल्यातल्याच, पांढरकवड्याच्या हायवेवर गॅरेज असलेल्यांकडे. खातंपितं घर. असं स्थळ पुन्हा दारात येणार नव्हतं, हे त्यालाही कळत होतं आणि विहिणीलाही.

कहकशां दारात उभी होती. तिला आत बस म्हणून कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी ती बसली नसती.

"खाला, मंगनीच्या दिवशी तुमीच सांगत होत्या ना," ती म्हणाली. "तुमचे सासरे लकव्यानं पडले तवा इम्तियाजनं त्यायचं सगळं केलं. कूस बदलली, हगणंमुतणं काढलं, पाठीले एक जखम होऊ देली नाही. चार बायायत किती कौतुकानं सांगतलं तुमी."

"ते घरचं मानूस होतं."

"दवाखान्यात जे पडून राहते, तेबी कोनाच्या तरी घरचंच राहते."

शमसुन्निसाचा चेहरा उतरला. तिच्या शेजारी इम्तियाज मूग गिळून बसला होता. कान तेवढे लाल झाले होते. कहकशांला खरा राग त्याचाच होता. बारावी सायन्सला दोघं एकाच वर्गात. तेव्हा सरांपुढे ज्याचं तोंड उघडलं नाही, ते आईपुढे काय उघडणार? बारावी झाली आणि बापानं त्याच्या हातात पाना दिला, तर तोही गुपचूप घेतला. असा नवरा घेऊन चाटायचा आहे का?

तेवढ्यात तो बोलला. पहिल्यांदाच.

"यवतमाळले नर्सिंगची मुलाखत इंग्रजीत घेतात काय?"

टोमणा तिला बरोबर लागला. "घेऊ दे ना. येईल तसं बोलीन. मुक्यासारखी तर बसनार नाही."

शमसुन्निसा उठली. दारात कहकशांला ओलांडून जाताना म्हणाली, "यवतमाळले गेली, तर मंगनी तुटली समज."

तिनं नर्सिंगसाठी अर्ज केला होता ते विद्यापीठ मिशनवाल्यांचं, तिकडे दूर दक्षिणेत. मुलाखती मात्र यवतमाळात, एका चर्चच्या मागच्या हॉलात होणार होत्या. मोहल्ल्यात जो तो सांगू लागला की ते पोरीला ख्रिस्ती करून सोडतील. गंमत अशी, की त्याच मिशनवाल्यांनी अर्जासोबत ज्याच्या त्याच्या धर्माच्या माणसाकडून चालचलनाचा दाखला मागितला होता.

कहकशां त्या दाखल्यासाठी मशिदीतल्या हाफिजजींकडे गेली ती भांडायच्याच तयारीनं. वाटेत तिनं उत्तरं जुळवून ठेवली होती. पण हाफिजजींचा शिक्क्याचा डबा समोर उघडाच होता. त्यांनी काही विचारलं नाही. दाखला लिहिला, शिक्का ठोकला आणि म्हणाले, "माझी सही मागतात म्हणजे मानसं बरी दिसतात. जा बेटा."

जुळवलेली सगळी उत्तरं तिला तशीच घरी आणावी लागली.

मुलाखतीच्या पत्रात लिहिलं होतं, बंद बूट घाला, दागिना नको, नखं कापलेली हवीत. लग्नातल्या मेंदीसाठी वाढवलेली नखं तिनं अंगणात, बापासमोर बसून कापली.

"मी नाही म्हनत नाही," रहेमान म्हणाला. "पन बेटा, असं घर पुन्हा येत नसते."

"नाही आलं तर नाही आलं, अब्बा. मी जाऊन राह्यली."

मुलाखतीच्या आदल्या दिवशी नळावर शमसुन्निसानं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, "इम्तियाजनं सोताहून म्हटलं मले. अम्मी, मी जातो यवतमाळले, आनतो तिले परत. माझा पोरगा बोलत नाही, पन करून दाखवते."

कहकशांनं ते ऐकलं, घागर भरली आणि घरी आली. रात्री तिला छान झोप लागली. येऊ दे म्हटलं, बघून घेऊ.

सकाळच्या एसटीनं ती यवतमाळला उतरली आणि ऑटोनं चर्चपाशी गेली. हॉलाबाहेरच्या बाकावर तो आधीच बसला होता. पांढरा इस्तरीचा शर्ट, पायात चकचकीत बूट. गॅरेजचं काळं हाताला नावालाही नव्हतं. नखंसुद्धा कापून आला होता पठ्ठ्या. चार लोकांत तमाशा करायचा तर नवरदेवासारखं सजून यायला हवंच, तिच्या मनात आलं.

बाकी बाकांवरही जागा होती. तरी ती मुद्दाम त्याच्याच शेजारी जाऊन बसली. मंगनीची अंगठी बोटातून काढली आणि दोघांच्या मधे ठेवली.

"हे घे. खालाले दे. अन् हात धरून न्यायचं असंन तर धरून पाहा. इथंच ओरडीन."

इम्तियाजनं अंगठी उचलली, पुसली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

"बरं केलं काढली. आत चालत नाही."

"तुले कोनं सांगतलं?"

तो दाराकडे बघत राहिला. कान पुन्हा लाल झाले होते.

दार उघडलं. शिपायानं हातातला कागद डोळ्यांजवळ धरला.

"मुलाखतीला मुलांमधून पहिलं नाव. शेख इम्तियाज शेख गफ्फार."

इम्तियाज उठला. शर्ट सारखा केला.

"अम्मीले तूच सांगजो," तो म्हणाला. "तुले बोलता येते."