दुसरं शून्य

तिच्या प्रोग्राममध्ये फाइल निवडायची खिडकी उघडली, की प्रकारांच्या यादीखाली अगम्य चिन्हांचं शेपूट लोंबायचं. चारला क्लायंट येणार होता आणि ती सकाळपासून डोकं धरून बसली होती. तेवढ्यात आईचा फोन आला.

"बरं, ठेवते," म्हणत आईने गुडघेदुखी संपवली आणि शेजारीण काढली. पुन्हा "ठेवते" म्हणाली आणि मावशीच्या सुनेवर आली. शेवटी "ठेवते हं, ठेवते," असं लागोपाठ दोनदा म्हणाली, तेव्हा कुठे फोन बंद झाला.

ती खुर्चीत ताठ झाली. कोडमधल्या त्या यादीत एका शून्याने एक नाव संपतं; अख्खी यादी संपायला लागोपाठ दोन लागतात. तिने शेवटी एकच दिलं होतं, म्हणून संगणक पुढचं काहीबाही वाचत सुटला होता! तिने लगेच दुसरं टाकलं.

डेमो झकास झाला. नंतर साहेबांनी कोड उघडला, तर त्या ओळीशेजारी टीप होती:

"दुसरं शून्य काढू नये. काढल्यास आई थांबत नाही."